गाडी घेताना विक्रेत्याशी बोलणी: चार सौदे, चार वेगळे हिशेब

शोरूममधला विक्रेता रोज गाड्या विकतो आणि आपण कित्येक वर्षांतून एकदा गाडी घेतो. बोलणी करायचा त्याचा हात बसलेला असतो, आपला नसतो. हा फरक टेबलावर हुशारी दाखवून भरून निघत नाही, घरून तयारी करून गेलं तरच निघतो.

बहुतेक लोक गाडीच्या किमतीवर बरी घासाघीस करतात. पैसे जातात ते त्यानंतर. जुनी गाडी एक्स्चेंजला देताना जातात, कर्जाच्या मुदतीत जातात, विमा, अ‍ॅक्सेसरीज आणि वाढीव वॉरंटीच्या ओळींत जातात. किमतीत दिलेली सूट या तीन वाटांनी परत वसूल होते आणि आपण मात्र सूट मिळाल्याच्या समाधानात घरी येतो. म्हणून पुढच्या सगळ्या पायऱ्यांमागे एकच नियम आहे: गाडी, जुनी गाडी, कर्ज आणि वरच्या गोष्टी (विमा, अ‍ॅक्सेसरीज, वॉरंटी) हे चार वेगळे सौदे आहेत. एक पुरता मिटल्याशिवाय दुसऱ्याचा विषय काढायचा नाही.

विक्रेता कमावतो कशावर

हे कळलं की त्याच्या निम्म्या बोलण्याचा अर्थ आपोआप लागतो. त्याचा पगार बहुधा बेताचा असतो आणि खरी कमाई कमिशनवर. महिन्याचं टार्गेट डोक्यावर असतं. पुष्कळ ठिकाणी कर्ज, विमा, वॉरंटी यांवरही कमिशन असतं, आणि गाडीच्या किमतीत सुटायला फारसं काही नसेल तर डीलरचा नफा याच गोष्टींतून येतो. डीलरला कंपनीकडून ठरावीक संख्येच्या विक्रीवर बोनस मिळतो, त्यामुळे महिन्याच्या किंवा तिमाहीच्या शेवटी हात थोडा सैल होतो.

त्याहून उपयोगाची गोष्ट म्हणजे डीलरचा बहुतेक माल उधारीवर उभा असतो. यार्डात पडून राहिलेल्या प्रत्येक गाडीवर तो व्याज भरत असतो. मागणी नसलेला रंग, चार-पाच महिन्यांपूर्वी तयार झालेली गाडी, नवीन मॉडेल येऊ घातल्याने मागे पडलेली गाडी, इथे सूट मिळते. ज्या गाडीला वेटिंग आहे तिच्यावर घासाघीस करण्यात शक्ती घालवू नका. तिथे वरच्या गोष्टी नाकारूनच पैसे वाचवायचे.

आणि विक्रेत्याला शत्रू समजू नका. दिवसभर उभं राहून त्याच त्या प्रश्नांची उत्तरं देणारा तो नोकरदार माणूस आहे. पुष्कळदा सूट देणं त्याच्या हातात नसतं, मॅनेजरच्या असतं. मॅनेजरसमोर तुमची बाजू तोच मांडणार असतो, त्यामुळे आवाज चढवून काही मिळत नाही. गोड बोलावं आणि आकड्यावर ठाम राहावं.

घरी करायची तयारी

आधी एकूण रकमेची मर्यादा ठरवून कागदावर लिहा. यात कर, नोंदणी, विमा, सगळं आलं. नुसती गाडीची किंमत धरून निघालेला माणूस हमखास ओढला जातो. दोन-तीन मॉडेल्सपेक्षा जास्त डोक्यात ठेवू नका, आणि व्हेरियंटची यादी वाचून कोणती सोय खरंच लागते आणि कोणती नसली तरी चालेल हे घरीच ठरवा. शोरूममध्ये उभं राहून ठरवलंत तर वरचा व्हेरियंट घेऊनच बाहेर पडाल.

मग आपल्या बँकेकडून कर्जाची पूर्वमंजुरी घ्या. डीलरचं कर्ज पुढे स्वस्त निघालं तर ते घ्यायला कुणाची आडकाठी नाही, पण तुलना करायला हातात एक पक्का व्याजदर असतो. जुनी गाडी असेल तर किमान तीन ठिकाणी दाखवून तिची लेखी किंमत घ्या. गाडी धुऊन, आतून साफ करून, सर्व्हिसचे कागद आणि दुसरी किल्ली सोबत घेऊन जा. एवढ्यानेही आकडा बदलतो.

यानंतर तीन-चार डीलरांना एकच मजकूर पाठवा. साधारण असा: ‘मला अमुक मॉडेल, अमुक व्हेरियंट, अमुक रंगात हवं आहे. या महिन्यात घेण्याची तयारी आहे. गाडीची मूळ किंमत, कर, नोंदणी, विमा आणि आपण लावणार असलेले इतर सर्व आकार वेगवेगळ्या ओळींत लिहून एकूण रक्कम कळवावी. अ‍ॅक्सेसरीज आणि वाढीव वॉरंटी यात धरू नये. गाडी कोणत्या महिन्यात तयार झाली आहे आणि डिलिव्हरी कधी मिळेल, तेही लिहावं.’ काही जण उत्तरादाखल नुसता फोन करून ‘एकदा येऊन जा, बसून बोलू’ म्हणतील. त्यांना पुन्हा एकदा लेखी मागा, तरीही दिलं नाही तर त्यांचं नाव यादीतून काढा. जे कागदावर आकडा देत नाहीत, ते पुढे आकडा पाळतील याची खात्री काय?

कोटेशन आलं की प्रत्येक ओळ वाचा. सरकारी कर आणि नोंदणी यांची अधिकृत पावती मिळते, तिथे घासाघीस नसते. ‘हँडलिंग’, ‘डॉक्युमेंटेशन’, ‘लॉजिस्टिक्स’ अशा नावाच्या ओळी मात्र बऱ्याचदा डीलरच्या स्वतःच्या असतात. प्रत्येकीपुढे एकच प्रश्न विचारायचा: ही कायद्याने लागते का, आणि तिची पावती कुणाच्या नावाने मिळेल?

पहिली भेट

आत शिरतानाच सांगून टाका की आज फक्त पाहायला आणि चालवून बघायला आलोय, आज बुकिंग करणार नाही. आणि हा शब्द पाळा. पहिल्या भेटीत चेकबुक नको, कार्डही शक्य असेल तर घरीच राहू द्या.

गप्पा मारता मारता चार प्रश्न येतील. ‘बजेट किती?’ याला आकडा सांगू नका. ‘या व्हेरियंटची तुमची सगळ्यात चांगली एकूण किंमत सांगा, बसतं का ते मी बघतो’ म्हणा. ‘महिन्याला हप्ता किती जमेल?’ हा सगळ्यात महागात पडणारा प्रश्न आहे. ‘हप्त्याचं नंतर बघू, आधी किंमत’ एवढंच उत्तर. ‘जुनी गाडी आहे का?’ यावर खोटं बोलायची गरज नाही, ‘अजून ठरवलेलं नाही’ पुरेसं आहे. ‘कधी घ्यायचीये?’ याला मात्र खरं उत्तर द्या, कारण गंभीर ग्राहक आहे हे कळलं तरच चांगला आकडा येतो.

इथे एक गोष्ट मला फार खुपते. जोडीने गेलं की विक्रेता पुरुषाशी बोलतो, गाडी घेणारी आणि चालवणारी बाई असली तरी. हा मानापमानापुरता प्रश्न नाही, पैशाचा आहे. इयन एअर्स आणि पीटर सीगलमन या संशोधकांनी शिकागो परिसरात केलेला अभ्यास १९९५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांनी प्रशिक्षण दिलेल्या लोकांना डीलरांकडे पाठवलं, सगळ्यांची बोलणी करायची पद्धत ठरवून एकसारखी ठेवली. तरीही गोऱ्या पुरुषांना सांगितलेली किंमत सगळ्यात कमी होती. स्त्रियांना आणि कृष्णवर्णीयांना त्याच गाड्यांची जास्त किंमत सांगितली गेली. म्हणून निर्णय ज्याचा आहे त्याने पहिल्या मिनिटाला सांगावं, ‘गाडी मी घेतेय, आकडे मला सांगा.’ तरीही मान दुसरीकडेच वळत असेल तर शांतपणे दुसरा विक्रेता मागावा. लेखी कोटेशनचा इथेही फायदा होतो, कारण कागदावरचा आकडा समोर कोण बसलंय हे बघून बदलता येत नाही.

टेस्ट ड्राइव्हला त्यांनी ठरवलेल्या गुळगुळीत रस्त्यावर एक फेरी मारून परतू नका. खड्डे, चढ, गर्दी आणि मोकळा रस्ता, निदान अर्धा तास मागा. म्युझिक सिस्टीम बंद ठेवा. ती दाखवण्याचा आग्रह होतोच, पण ती थांबलेल्या गाडीतही ऐकता येते. विक्रेत्याला सांगा की दहा मिनिटं मला शांतपणे चालवू द्या, प्रश्न नंतर विचारतो. मागच्या सीटवर घरातलं उंच माणूस बसवा, वयस्कर माणसाला चढून-उतरून बघू द्या, गाडी मागे घेऊन पार्क करा. चालवून झाल्यावर आनंद झाला असेल तरी तो शोरूमच्या बाहेर व्यक्त करा.

बोलणीचं टेबल

विक्रेता कोरा कागद पुढे ओढतो, मधोमध एक उभी आणि एक आडवी रेघ मारतो. एका चौकोनात गाडीची किंमत, दुसऱ्यात जुन्या गाडीचे पैसे, तिसऱ्यात डाउनपेमेंट, चौथ्यात महिन्याचा हप्ता. अमेरिकेतल्या डीलरांकडे ही पद्धत इतकी रुळली की तिला ‘फोर स्क्वेअर’ असं नावच पडलं. आता बऱ्याच ठिकाणी कागदाच्या जागी टॅब आला आहे, चौकोन तेच आहेत. आता पेनाकडे लक्ष द्या. तुम्ही म्हणता, हप्ता जास्त होतोय. पेन चौथ्या चौकोनात जातं, जुना आकडा खोडून लहान आकडा लिहिला जातो. मुदत पाच वर्षांवरून सात झाली, ही गोष्ट कोणत्याच चौकोनात दिसत नाही. तुम्ही म्हणता, जुन्या गाडीचे पैसे फारच कमी लावलेत. पेन दुसऱ्या चौकोनात जातं, आकडा वाढतो, आणि पहिल्या चौकोनातली सूट त्याच वेळी गुपचूप कमी होते. दर वेळी तुम्ही मागितलेलं मिळतं आणि बेरीज मात्र जागची हलत नाही.

यावर उपाय म्हणजे तो कागद उलटा करायला सांगणं. ‘मागच्या कोऱ्या बाजूला फक्त गाडीची एकूण किंमत लिहा. जुनी गाडी नाही आणि पैसे एकरकमी देतोय असं धरा.’ हा आकडा पक्का झाला, त्यावर तारीख आणि सही आली, की मगच जुनी गाडी. ती झाली की कर्ज.

पहिला आकडा कोण सांगतो याला महत्त्व आहे. आधी कानावर पडलेल्या आकड्याभोवतीच आपली बुद्धी घुटमळते, हे डॅनियल कानमन आणि अमोस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७४ मध्येच दाखवून दिलं होतं. म्हणून छापील किमतीतून किती कमी करता, असं विचारू नका. दुसऱ्या डीलरच्या सर्वांत कमी लेखी कोटेशनपासून सुरुवात करा: ‘हा आकडा माझ्या हातात आहे. तुम्ही याखाली येत असाल तर आज तुमच्याकडे बुकिंग करतो.’ एवढं बोलून गप्प बसा. शांतता अवघड वाटते आणि आपणच ती मोडून ‘बरं, थोडं वर झालं तरी चालेल’ म्हणतो. तो मोह आवरा.

‘मॅनेजरशी बोलून येतो’ म्हणून विक्रेता आत जाईल. कधी खरंच परवानगी लागते, कधी तुम्हाला ताटकळत ठेवून थकवायचं असतं. दोन फेऱ्या ठीक. तिसऱ्या वेळी म्हणा की मॅनेजरना इथेच बोलवा किंवा मी निघतो, फोनवर कळवा. जुन्या गाडीची किल्ली ‘बघण्यासाठी’ नेली असेल तर ती आधी परत मागून घ्या. किल्ली आत अडकल्यामुळे तासभर जास्त बसणारी माणसं कमी नाहीत.

‘ही ऑफर फक्त आजच आहे’ याला साधं उत्तर आहे: ‘ऑफर कधी संपते ते लिहून द्या.’ खरी मुदत कंपनीच्या परिपत्रकात असते आणि ती दाखवता येते.

आणखी एक चाल ओळखून ठेवा. आधी कमी किंमत कबूल करायची, तुम्ही मनाने गाडी घेऊन टाकलीत की शेवटच्या क्षणी ‘मॅनेजर नाही म्हणताहेत’ किंवा ‘यात अमुक धरायचं राहिलं’ म्हणून आकडा वाढवायचा. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट चाल्डिनी आणि सहकाऱ्यांनी १९७८ मध्ये याच तंत्रावर प्रयोग केले. एकदा हो म्हटलेला माणूस अट वाईट झाल्यावरही बऱ्याचदा ‘हो’वरच टिकून राहतो, असं त्यांना दिसलं. टेबलावर असं झालं तर स्वतःला विचारा: हा नवा आकडा सुरुवातीलाच सांगितला असता तर मी बसलो असतो का? उत्तर नाही असेल तर उठा. उठून जाण्याची तयारी खरी असेल तर दाराशी पोहोचायच्या आत हाक येते, नाहीतर दोन दिवसांत फोन येतो. नाही आला, तर तो त्यांचा शेवटचा आकडा होता हे तुम्हाला फुकटात कळलं.

मात्र सौदा पटण्याजोगा झाला की थांबा. शेवटच्या चार पैशांसाठी दोन तास घालवण्यापेक्षा चांगली डिलिव्हरी आणि पुढची सर्व्हिस मोलाची असते.

कर्जाचा हिशेब कागदावर करा

एक लाखाचं कर्ज, ९ टक्के व्याज. पाच वर्षांसाठी हप्ता सुमारे २,०७६, सात वर्षांसाठी १,६०९. ऐकायला दुसरा किती सोपा! पण पहिल्यात एकूण व्याज साधारण २४,५०० जातं, दुसऱ्यात ३५,१००. शिवाय सात वर्षांच्या कर्जात गाडीची बाजारातली किंमत कर्जापेक्षा वेगाने उतरते. मध्येच विकायची वेळ आली तर पदरचे पैसे घालून कर्ज फेडावं लागू शकतं.

‘फक्त ७ टक्के’ ऐकलं की विचारा, फ्लॅट की रिड्यूसिंग? फ्लॅट पद्धतीत कर्ज फिटत आलं तरी व्याज सुरुवातीच्या पूर्ण रकमेवरच मोजतात, रिड्यूसिंगमध्ये फक्त उरलेल्या रकमेवर. पाच वर्षांसाठी ७ टक्के फ्लॅट म्हणजे दर लाखामागे ३५,००० व्याज आणि २,२५० हप्ता. हाच हप्ता रिड्यूसिंग पद्धतीने जवळपास १२.५ टक्के दराचा होतो.

शून्य टक्के व्याजाच्या योजनेतही असंच बघावं लागतं. ती घेतली तर रोख सूट मिळत नाही, असं बऱ्याचदा असतं. ६ टक्के सूट सोडून तीन वर्षं बिनव्याजी हप्ते भरले, तर तुम्ही प्रत्यक्षात सुमारे ४ टक्के व्याज देत असता. बँक ९ टक्के घेत असेल तर ही योजना चांगलीच आहे. पण सोडावी लागणारी सूट १५ टक्के असेल तर सूट घेऊन बँकेचं कर्ज स्वस्त पडतं. मुदत सारखीच धरून दोन्हीकडचा हप्ता आणि हप्त्यांची संख्या यांचा गुणाकार करून डाउनपेमेंट मिळवा. कमी रक्कम येईल तो पर्याय. प्रक्रिया शुल्क आणि मुदतीआधी फेडल्यास लागणारा दंडही त्यात धरायला विसरू नका.

वरच्या गोष्टी

किंमत ठरली, मन सैल झालं, की यादी पुढे येते: अंडरबॉडी कोटिंग, पेंट प्रोटेक्शन, सीट कव्हर, वाढीव वॉरंटी, विमा. सगळ्यांना एकच उत्तर: ‘आज नको, यादी दराप्रमाणे लिहून द्या.’ मॅट आणि कव्हर बाहेर बरेचदा स्वस्त मिळतात. वॉरंटी बहुतेक कंपन्या नंतरही घेऊ देतात, कधीपर्यंत ते लिहून घ्या. विम्याचं दुसरं कोटेशन बाहेरून आणा आणि संरक्षण तेच आहे ना ते ओळ न ओळ ताडून बघा. नुसती विम्याच्या हप्त्याची रक्कम पाहून फसायला होतं. यार्डातल्या गाडीवर आधीच काही बसवून त्याचे पैसे लावले असतील, तर ते नसलेली गाडी मागा किंवा ती ओळ काढायला सांगा.

वापरलेली गाडी असेल तर

विकणाऱ्याला गाडीची खोड माहीत असते, घेणाऱ्याला नसते, आणि त्यामुळे चांगल्या गाड्याच बाजारातून मागे सरतात. जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या गाड्यांचंच उदाहरण घेऊन हे मांडलं आणि २००१ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. यातून वाट एकच: माहितीची दरी आपण भरून काढायची. जाण्याआधी सांगा की गाडी सुरू करून ठेवू नका. बॉनेटवर हात ठेवून इंजिन थंड असल्याची खात्री करा, कारण स्टार्ट होतानाचा त्रास, धूर आणि खडखड गरम इंजिन लपवतं. मग आपला मेकॅनिक आणा किंवा गाडी आपल्या गॅरेजमध्ये न्या. याला विक्रेता नाही म्हणाला तर तिथेच विषय संपवा, मग तो कोणतंही कारण सांगो. ‘दुसरी पार्टी संध्याकाळी टोकन घेऊन येतेय’ म्हणाले तर येऊ द्यावी. इलेक्ट्रिक गाडी असेल तर बॅटरीच्या उरलेल्या क्षमतेचा लेखी अहवाल मागा, आणि वॉरंटी नव्या मालकाच्या नावावर होते का ते कंपनीलाच विचारा.

बुकिंग, सही, डिलिव्हरी

बुकिंगची रक्कम शक्य तितकी कमी द्या, आणि किती दिवसांत गाडी नाही आली तर पूर्ण परत मिळेल हे पावतीवर लिहून घ्या. तोंडी कबूल केलेली प्रत्येक गोष्ट कागदावर यावी: मोफत सर्व्हिस, मॅट, दुसरी किल्ली, सगळं. विक्रेता नोकरी बदलून गेला तरी कागद तिथेच राहतो. सही करताना रिकामी जागा असलेल्या कागदावर सही करू नका, आणि घरी नेऊन वाचायचंय म्हणून सांगायला संकोचू नका. ‘नाही आवडली तर परत करू’ या भरवशावर तर मुळीच सही करू नका. डीलरकडे जाऊन घेतलेली गाडी केवळ मन बदललं म्हणून परत देण्याचा हक्क पुष्कळ देशांत नसतो.

शेवटचे पैसे भरण्यापूर्वी गाडी दिवसाउजेडी बघा. १७ अक्षर-अंकी ओळख क्रमांक (चेसिस नंबर) गाडीवर आणि कागदावर अगदी एकच आहे ना, ते एकेक करून जुळवा. त्यात आय, ओ आणि क्यू ही इंग्रजी अक्षरं कधीच नसतात, तशी दिसली तर कुणीतरी उतरवून घेताना चुकलं आहे. टायरच्या बाजूवर चार आकड्यांचा शिक्का शोधा: २३२४ म्हणजे २०२४ सालचा तेविसावा आठवडा. नव्या गाडीचे चारही टायर साधारण एकाच काळातले असावेत. ओडोमीटर, काचांवरच्या खुणा, दारांमधल्या फटी, रंगातला फरक, स्टेपनी, जॅक, प्रत्येक दिवा, प्रत्येक खिडकी. ‘डिलिव्हरीनंतर करून देऊ’ म्हटलेल्या कामांची यादी करून त्यावर तारीख आणि शिक्का घ्या.

जुनी गाडी एक्स्चेंजला दिली असेल तर एक काम उरतं आणि तेच बहुतेक जण विसरतात. ती तुमच्या नावावर आहे तोवर तिचे दंड आणि अपघाताच्या नोटिसा तुमच्याच दारी येऊ शकतात. ताबा दिल्याची तारीख, वेळ आणि ओडोमीटरचा आकडा असलेली पावती घ्या, चारही बाजूंनी फोटो काढा, आतले कागद आणि टोलचा टॅग काढून घ्या. मालकी बदलल्याचा कागद किती दिवसांत देणार ते लिहून घ्या आणि तो हातात येईपर्यंत दर आठवड्याला डीलरला फोन करत राहा.